कोटितीर्थाचा चित्रकार

जालना शहरातील मोती तलावाच्या काठी, उन्हे वर येण्यापूर्वी, एखाद्या विद्यार्थ्याने उभे राहावे. हातात एक जुने पोस्टकार्ड असावे आणि त्याच्या मध्यभागी आगपेटीएवढी आयताकृती खिडकी कापलेली असावी. एक डोळा मिटून त्या खिडकीतून समोर पाहिले, की एक गंमत अनुभवास येते. जो तलाव एरवी येता-जाता एका दृष्टिक्षेपात संपतो, तो एकाएकी संपेनासा होतो. खिडकी किंचित वर नेली, तर तिच्यात आभाळच आभाळ भरते आणि पाणी तळाशी एखाद्या पट्टीएवढे उरते. खाली आणली, तर पाण्याचा पसारा वाढतो आणि पलीकडचा काठ वरच्या कडेला चिकटतो. डावीकडे सरकविली, तर एखादे झाड आत येते व सारे दृश्य स्वतःकडे ओढून घेते. उजवीकडे सरकविली, की ते झाड निघून जाते आणि त्याच्या मागे लपलेली दूरची भिंत उगाचच मोठी वाटू लागते. तलाव तोच, पाहणारा तोच; पण चौकट हलली की चित्र बदलते. समोरच्या अफाट सृष्टीतून काय आत घ्यावयाचे आणि काय बाहेर ठेवावयाचे, हा निर्णय म्हणजेच निसर्गचित्राची पहिली रेघ होय. कुंचला पाण्यात बुडविण्याच्या आधीच ती पडलेली असते.

अशी चौकट मनाशी धरून एकाच तळ्याच्या काठी वर्षानुवर्षे बसणारा एक चित्रकार महाराष्ट्रात होऊन गेला. ते तळे म्हणजे कोल्हापूरचे कोटितीर्थ, आणि तो चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान.

आबालालांचा जन्म 1860 च्या सुमारास कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ नाव अब्दुल अजीज. रहिमान हे वडिलांचे नाव. आबालाल या नावाने त्यांना सारे ओळखू लागले आणि तेच नाव पुढे कलेच्या इतिहासात राहिले. वडील अरबी व फारसी या भाषांचे चांगले जाणकार होते आणि कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम ते करीत. हस्तलिखित ग्रंथाचे पान म्हणजे नुसती अक्षरांची ओळ नव्हे. कागद घोटून गुळगुळीत करावा लागतो, बोरूची टोके निरनिराळ्या जाडीची तासावी लागतात, शाईचा दाटपणा सांभाळावा लागतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कोरी जागा राखणे. ओळींच्या मध्ये किती अंतर असावे, समास किती रुंद ठेवावा, वेलबुट्टी कोठे थांबवावी, यावर पानाची सारी शोभा अवलंबून असते. अक्षर कितीही वळणदार असले, तरी ते पानात दाटीवाटीने बसविले तर डोळ्यांस शीण होतो. मुलगा आबालाल हे काम घरात पाहतच वाढला. पुढे त्यांच्या चित्रांत मोकळ्या पाण्याचा आणि मोकळ्या आभाळाचा जो निःशंक वापर दिसतो, त्याचे मूळ या घरच्या शाळेत असावे, असे मानण्यास हरकत नाही.

त्या काळी कोल्हापुरात राहणाऱ्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीस फारसी शिकविण्यासाठी वडील जात असत, आणि कधी कधी मुलासही बरोबर नेत. त्या बाईंनी मुलाची चित्रे पाहिली आणि त्याला मुंबईस चित्रकलेच्या शिक्षणासाठी पाठविण्याविषयी शब्द टाकला, अशी हकीकत सांगितली जाते. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय 1857 मध्ये सुरू झाले होते. आबालाल तेथे दाखल झाले, तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तेथील प्रमुख होते. याच ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. अजिंठ्याच्या डोंगररांगांत, दिव्यांच्या व आरशांच्या उजेडाने अंधार दूर सारीत ते काम चाललेले असताना, मुंबईच्या वर्गात इतर विद्यार्थी ग्रीक व रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून रेखाटने करीत होते.

प्लास्टरचा पुतळा ही विद्यार्थ्याची मोठी कठोर परीक्षा असते. त्याला रंग नसतो; त्यामुळे रंगाच्या आडोशाने चूक झाकता येत नाही. नाकाची कड रेघेने काढली, तर ती पुतळ्यावर नसलेली रेघ होते. कारण पुतळ्यावर रेघ कोठेच नसते. जेथे उजेड संपतो आणि छाया सुरू होते, ती सीमा तेवढी दिसते. डोळे किलकिले करून पाहिल्यावर नाक, डोळे, केस हे सारे वेगळेपण मावळते आणि केवळ उजळ व काळोखे असे काही मोठे आकार शिल्लक राहतात. ते मोठे आकार बरोबर बसले, की बारकावे आपोआप आपापल्या जागी जाऊन बसतात. आबालाल या अभ्यासात इतके पारंगत झाले, की त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने विद्यालयाने आदर्श म्हणून जपून ठेवली. व्हाइसरॉयच्या नावाचे पदकही त्यांस मिळाले.

पदक मिळविणाऱ्या तरुणापुढे मुंबईत पुष्कळ वाटा मोकळ्या होत्या. श्रीमंत घराण्यांस व्यक्तिचित्रे हवी होती, विद्यालयास शिक्षक हवे होते, प्रदर्शने भरू लागली होती. कोल्हापुरातच 1867 मध्ये जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये त्याच विद्यालयात शिकावयास गेले, तेथेच शिक्षक झाले, रावबहादूर ही पदवी त्यांस मिळाली आणि सर्वत्र त्यांचे नाव झाले. त्यांच्या यशाविषयी कोणाचाही मतभेद असणार नाही. परंतु आबालालांनी ती वाट धरली नाही. शिक्षण संपवून ते कोल्हापुरास परतले, आणि मग त्यांनी ते गाव कायमचे असे सोडलेच नाही.

कोल्हापूर संस्थानची सूत्रे 1894 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या हाती आली. महाराजांस मल्ल, गवई, चित्रकार यांची पारख होती आणि गुणी माणसास जवळ करताना ते त्याची जात वा धर्म पाहत नसत. आबालालांस त्यांनी दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारासाठी आबालालांनी व्यक्तिचित्रे केली, शिकारीचे प्रसंग रंगविले. हे काम त्यांनी उत्तम रीतीने केले. पण त्यांचे मन त्यात गुंतले होते असे वाटत नाही. दरबारी चित्रात काय असावे हे बहुधा आधीच ठरलेले असते. कोण मध्यभागी बसेल, कोणाच्या हातात काय असेल, कोणता अलंकार स्पष्ट दिसला पाहिजे, याचे नियम चित्रकाराबाहेर असतात. तळ्याच्या काठी असा कोणताच नियम नसतो. तेथे पाण्याला मध्यभागी बसविण्याचा आग्रह धरणारा कोणी नसतो, आणि झाडाला आपला चेहरा चांगला यावा अशी इच्छा नसते.

कोटितीर्थ हे कोल्हापुरातील एक मध्यम आकाराचे तळे. रंकाळ्याचा विस्तार त्याला नाही. काठाशी महादेवाचे देऊळ, भोवती झाडी, मधे पाणी. 1906 मध्ये स्थापन झालेली शाहू मिलही पुढे याच परिसरात उभी राहिली. आबालालांचे वास्तव्य या तळ्याच्या आसपास होते. गावातल्या गर्दीपासून ते दूर राहत. साधा वेष, मितभाषी स्वभाव आणि काखेत कागदांची वही, अशा या गृहस्थास लोक कोणी अवलिया, तर कोणी विक्षिप्त मानीत. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याच्या पाण्यात उभा असलेला दगडी संध्यामठ, ही स्थळेही त्यांनी रंगविली. परंतु पुन्हा पुन्हा ते ज्या ठिकाणी परत येत, ते ठिकाण कोटितीर्थच.

एकच तळे इतक्या वेळा कशासाठी रंगवावयाचे, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर हवे असल्यास कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये जावे लागते. 1870 च्या दशकात बांधलेली, उंच निमुळत्या शिखरांची ही इमारत. तिच्यात पुढे वस्तुसंग्रहालय आले. उत्खननात सापडलेल्या वस्तू, जुन्या मूर्ती व शस्त्रे यांच्या सोबतीने कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रेही तेथे मांडलेली आहेत आणि त्यांत आबालालांची चित्रे आहेत. प्रथमदर्शनी ती फार मोठी वाटत नाहीत. प्रसंग नाही, कथा नाही, ओळखीचा चेहरा नाही. घाईने फिरणारा प्रेक्षक त्यांच्यापुढून तलवारींकडे निघून जातो. जो थांबतो त्याला मात्र पुष्कळ वेळ थांबावे लागते.

तळ्याचे चित्र काढावयास बसणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती काठाच्या रेषेची. पाणी जेथे संपते आणि पलीकडची जमीन सुरू होते, ती आडवी रेषा चित्राचे दोन भाग करते. ती बरोबर मध्यावर आली, तर वर आभाळ व खाली पाणी असे सारखे दोन पट्टे होतात आणि कशाकडे पाहावे हे डोळ्यांस कळेनासे होते. रेषा वर चढविली, की पाणी हा चित्राचा विषय होतो. खाली उतरविली, की आभाळ विषय होते. नवशिका चित्रकार ही रेषा सवयीने कोठेतरी ओढतो आणि मग तिच्याशी झगडत बसतो. आबालालांसारखा चित्रकार ती रेषा ओढण्यापूर्वी स्वतःस विचारतो, की आज सकाळी तळ्यावर घडत आहे ते नेमके कोठे घडत आहे. ढगांत, की पाण्यात?

दुसरी अडचण प्रतिबिंबाची. अनेकांस असे वाटते, की झाड काढावे आणि तेच उलटे करून खाली काढावे, म्हणजे प्रतिबिंब झाले. ते तसे नसते. काठावर उभा असलेला मनुष्य झाड समोरून पाहतो; पाणी मात्र तेच झाड खालून पाहते. म्हणून देवळाच्या छज्जाची जी खालची बाजू वर पाहताना जेमतेम दिसते, ती प्रतिबिंबात अधिक उघडी पडते. झाड काठापासून मागे सरलेले असेल आणि पाहणारा उंच बांधावर उभा असेल, तर प्रतिबिंबात झाडाचा बुंधा दिसतच नाही, केवळ शेंडा दिसतो. पाहणारा खाली उतरून पाण्याच्या पातळीजवळ बसला, की तेच प्रतिबिंब लांब होत जाते. रंगाचीही हीच गोष्ट. काळोखी झाडी पाण्यात थोडी उजळ दिसते आणि झगझगीत आभाळ पाण्यात थोडे मंद होते. पायांजवळच्या पाण्यात तळ दिसतो, तर दूरच्या पाण्यात आभाळ. वाऱ्याची एक झुळूक आली, की उभे प्रतिबिंब तुटते आणि त्याचे तुकडे खाली पसरत जातात. पण ते आडवे फारसे पसरत नाहीत. हे सारे नियम पुस्तकात वाचून पाठ करता येतात. परंतु पाणी नियम सांगून हलत नाही. शंभर सकाळी त्याच्यापुढे घालविल्यावर हाताला ते कळू लागते.

तिसरी अडचण या दोहोंतूनच निर्माण होते. प्रतिबिंबामुळे प्रत्येक वस्तू दोनदा दिसते आणि चित्र घडी घातलेल्या कागदासारखे सारखे होऊ लागते. सारखेपणा डोळ्यांस क्षणभर आवडतो, नंतर कंटाळवाणा होतो. यावर उपाय तोलाचा. झुलत्या फळीवर जड मूल मध्याजवळ बसले आणि हलके मूल टोकाशी बसले, तरी फळी तोलून राहते, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. चित्रातही तसेच आहे. एका बाजूस झाडीचा मोठा काळोखा पुंजका असला, तर दुसऱ्या बाजूस तेवढाच पुंजका ठेवण्याची गरज नसते. दूरवर उजेडात न्हालेल्या देवळाचा लहानसा आकार, किंवा पाण्यावर पडलेली उन्हाची एक तिरीप, तेवढ्या मोठ्या काळोखास तोलून धरू शकते. त्या दोहोंच्या मधे जे मोकळे पाणी राहते, तेथून डोळा ये-जा करतो. प्रथम तो काळोख्या झाडीपाशी अडतो, तेथून काठाने सरकत उजळ देवळाकडे जातो, देवळाच्या प्रतिबिंबावरून खाली उतरतो आणि पाण्यावरून पुन्हा झाडीच्या सावलीत येऊन विसावतो. चांगल्या निसर्गचित्रात प्रेक्षकाची नजर अशी बंद अंगणात हिंडावी तशी हिंडते. कोपऱ्यातून बाहेर सांडत नाही. नजरेस वाट दाखविणारी रेघ मात्र चित्रात कोठेही काढलेली नसते.

आता थोडे जवळ गेले पाहिजे. आबालालांच्या निसर्गचित्राजवळ जाऊन पाहिले, की पाने, लाटा, ढग हे सारे नाहीसे होते आणि लहान लहान ठिपक्यांसारखे रंगाचे स्पर्श उरतात. हिरव्याशेजारी निळा, निळ्याशेजारी किंचित जांभळा, मधेच पिवळ्याचा एक कण. चार पावले मागे सरले, की ते ठिपके एकमेकांत मिसळून हवा थरथरू लागते. रंग रंगपेटीत कालवून एकजीव केला, तर तो मळतो. शेजारी शेजारी ठेवला, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळतो आणि उजळ राहतो. फ्रान्समध्ये 1859 मध्ये जन्मलेले जॉर्ज सरा यांनी हेच तत्त्व शास्त्रासारखे वापरले. क्लोद मोने हे आणखी एक फ्रेंच चित्रकार. त्यांनी आयुष्याची अखेरची सुमारे तीस वर्षे आपल्या बागेतील कमळांच्या तळ्याची चित्रे काढण्यात घालविली, आणि 1926 मध्ये ते निवर्तले. मोने यांस पैसा मिळाला, कीर्ती मिळाली. त्यांच्या चित्रांसाठी पॅरिसमध्ये खास दालने सजली. त्याच वर्षांत, कोल्हापूरच्या एका लहान तळ्याच्या काठी, परदेशी कधीही न गेलेला एक मनुष्य आपल्या डोळ्यांच्या भरवशावर तशाच प्रकारचे प्रश्न सोडवीत बसला होता. त्याच्यासाठी कोणतेही दालन बांधले जात नव्हते. पाने, फुले, दगड यांपासून आबालाल स्वतःच रंग तयार करीत, असेही सांगतात.

एकच तळे पुन्हा पुन्हा कशासाठी, याचे उत्तर येथे हाती येते. नवे स्थळ पाहिले, की चित्रकाराचे अर्धे लक्ष स्थळाच्या नवलाईत जाते. देऊळ कोठे आहे, झाड किती उंच आहे, हे शिकण्यातच सकाळ निघून जाते. जे स्थळ तोंडपाठ आहे, तेथे या गोष्टींकडे पाहावे लागत नाही. तेथे उजेडाकडे पाहता येते. आषाढातील कोटितीर्थ आणि चैत्रातील कोटितीर्थ यांत देऊळ तेच असते, पण आषाढात पाणी आणि आभाळ यांच्या मधली सीमा पुसली जाते आणि चैत्रात ती सुरीने कापल्यासारखी होते. पहाटे दूरची झाडी निळसर आणि पातळ दिसते. दुपारी ती पुढे सरकून उभी राहते. स्थळ स्थिर राहिले, म्हणूनच वेळ हलताना दिसते.

या एकाकी साधकाकडे गावातील तरुण मंडळींचे लक्ष नव्हते असे मात्र नाही. आनंदराव पेंटर आणि त्यांचे आतेमामे बंधू बाबुराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवून नावारूपास आले. कोणत्याही कलाविद्यालयात न शिकलेल्या या दोघांस आबालालांच्या कामाचे मोल कळले होते. आनंदराव 1916 मध्ये अकाली वारले. बाबुरावांनी पुढे कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये सैरंध्री हा मूकपट पडद्यावर आणला. चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे पोस्टकार्डातील खिडकीच होय. तिच्यातून काय आत घ्यावे आणि उजेड कोणत्या बाजूने यावा, हे बाबुराव चित्रकाराच्या डोळ्याने ठरवीत. कोल्हापूरला पुढे कलापूर हे नाव पडले. ते नाव मिळण्यापूर्वीच्या काळात, ज्यांच्याकडे पाहून तरुणांस चित्र हा जन्मभराचा उद्योग होऊ शकतो असे वाटले, त्यांत आबालाल हे पहिले होते.

6 मे 1922 रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. या बातमीने कोल्हापूर सुन्न झाले. आबालालांवर मात्र तिचा परिणाम वेगळ्याच प्रकारे झाला. ज्या एका माणसाने त्यांची कदर केली होती, तो गेला. त्यानंतर त्यांनी आपली चित्रे पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. चित्रांची संख्या वीस हजार होती, असे म्हणतात. ही संख्या कोणी मोजून ठेवली असेल असे वाटत नाही. रोज एक चित्र काढले, तरी वीस हजारांस चोपन्न वर्षांहून अधिक काळ लागेल. झटपट केलेली लहान रेखाटने, रंगांचे तुकडे, अर्धवट सोडलेले कागद हे सारे त्यात धरले, तर कदाचित मेळ बसेल. लोकांनी ढिगाची उंची पाहिली असेल आणि आश्चर्याने आकडा सांगितला असेल. पण ढीग मोठा होता, एवढे त्या आकड्यावरून निश्चित कळते.

जलरंग म्हणजे अखेर काय असते? बारीक वाटलेला रंग आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाण्याचा स्पर्श झाला, की डिंक विरघळतो व रंग कागदावर पसरतो. पाणी सुकले, की डिंक त्या रंगाला कागदाशी धरून ठेवतो. परंतु तैलरंगाप्रमाणे तो कायमचा घट्ट होत नाही. कागद पुन्हा पाण्यात पडला, तर डिंक पुन्हा सैल होतो. ज्या पाण्याने रंग कागदावर बसविला, तेच पाणी त्याला सोडवून घेऊन जाते. कागद ओले होऊन खाली जाण्यापूर्वी काही काळ रंग पाण्यावर तरळले असतील. तळ्याची चित्रे तळ्यात विरघळली असतील.

या कृतीस कोणी वैराग्य म्हणतात, कोणी शोक म्हणतात. दोन्ही खरे असू शकेल. पण नुकसान झाले, हे मान्य केलेच पाहिजे. मोने यांनीही आपली न आवडलेली चित्रे फाडली व जाळली. परंतु त्यांची शेकडो चित्रे जगभर पसरली होती, म्हणून त्यांचा हात कसा बदलत गेला हे आज पाहता येते. आबालालांच्या बाबतीत मधली पाने गळालेल्या ग्रंथासारखी स्थिती झाली आहे. विद्यालयात जपलेली रेखाटने हे त्या ग्रंथाचे पहिले प्रकरण. कोल्हापुरात राहिलेली निसर्गचित्रे ही शेवटच्या प्रकरणातील काही सुटी पाने. प्लास्टरच्या पुतळ्यावरील छायेची कड इतक्या काटेकोरपणे आखणारा हात, कड पुसून टाकणाऱ्या रंगाच्या कणांपर्यंत कसा आला, हे सांगणारी चित्रे पाण्यात गेली. एखादे चित्र चुकले असेल, दुसरे त्याहून बरे साधले असेल, तिसऱ्यात देऊळ उगाच मोठे झाले असेल. शिकणाऱ्यास चुकलेली चित्रेच अधिक उपयोगी पडली असती.

आबालाल रहिमान 1931 च्या डिसेंबर महिन्यात कोल्हापुरात मरण पावले. मुंबईच्या विद्यालयातील ज्या वर्गात ते शिकले, तेथे त्यांच्यानंतर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या आल्या. त्या काळी मोकळ्यावर बसून जलरंगात निसर्गचित्र काढणे ही गोष्ट महाराष्ट्रातील चित्रकारांच्या अंगवळणी पडली होती. रविवारी सकाळी वही आणि रंगपेटी घेऊन नदीकाठी जाणारी मुले कोल्हापुरात नवलाची राहिली नाहीत.

टाऊन हॉलमधील चित्र नीट पाहून कोणी कोटितीर्थाच्या काठी गेला, तर त्याला देऊळ सापडते व पाणीही सापडते. झाडी बदलली आहे, भोवतीची वस्ती वाढली आहे. चित्रकार कोठे बसला होता, ते मात्र चित्रातच शोधावे लागते. देऊळ कोणत्या बाजूस आले आहे यावरून काठ ठरतो. सावल्या कोणीकडे पडल्या आहेत यावरून वेळ ठरते. आणि काठाची झाडे पाण्यात बुंध्यापर्यंत दिसतात, की नुसत्या शेंड्यापुरती, हे पाहिले म्हणजे तो बांधावर उभा होता, की उतरून पाण्याशी टेकला होता, हेही सांगता येते.